पिशवी दगडासारखी घट्ट का व्हायला हवी?

गेल्या महिन्यात आमच्या विहारात महिलांची आरोग्य बैठक होती. विषय होता बाळंतपणातली काळजी. बैठक संपता संपता मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. वय सत्तरीच्या पुढचं, हातात काठी. म्हणाल्या, "जयभीम सिस्टर. एक इचारते. आमच्या टायमाला दाई बाळंतिणीचं पोट चोळायची. आता माझी नातसून सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, तिथल्या सिस्टरनं पण पोट चोळलं. पोरगी दुखतंय म्हणून रडत होती तरी सोडलं नाही. मंग तुम्ही शिकलेल्या लोकांत आन आमच्या दाईत फरक काय?"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी जनरल नर्सिंगचा डिप्लोमा केला, कितीतरी वर्षं लेबर रूममध्ये काढली, शेकडो बायांच्या पोटावर हात ठेवून पिशवी चाचपली. पण हाताला जे मऊ किंवा घट्ट लागतं ते आतून काय असतं, हे मला पहिली काही वर्षं कुणी नीट सांगितलं नव्हतं. "घट्ट लागली पाहिजे" एवढं पाठ होतं. का, ते नंतर वाचून कळलं. ते कळल्यावर बाळंतिणीला जपण्याची माझी पद्धतच बदलली. म्हणून आजींच्या प्रश्नाचं उत्तर या महिन्याच्या आरोग्य पानावर सविस्तर देते.

वार पडल्यानंतरची काही मिनिटं

नऊ महिने भरले की गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. बाळाला वारेतून जे पोषण मिळतं ते या रक्तातून. बाळ बाहेर येतं, मग वार सुटते. वार जिथे चिकटलेली असते तिथे पिशवीच्या आतल्या भिंतीवर रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. नळ चालू आणि पाइप तोडलेला, अशी ती अवस्था.

मग प्रत्येक बाळंतीण रक्त जाऊन का मरत नाही? कारण पिशवीच्या भिंतीत स्नायू आहेत, आणि ते उभे, आडवे, तिरपे असे एकमेकांत विणलेले आहेत. रक्तवाहिन्या या विणीच्या मधून जातात. वार पडली की स्नायू आवळतात आणि मधल्या वाहिन्या चिमटीत धरल्यासारख्या दाबल्या जातात. टाका नाही, दोरा नाही, शरीर स्वतःच गाठ मारतं. म्हणून बेंबीच्या आसपास हात ठेवला की पिशवी कच्च्या नारळासारखी टणक लागली पाहिजे. ती मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर समजायचं की गाठ बसलेली नाही आणि आत रक्त चालू आहे.

बाळंतपणानंतर अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर त्याला धोक्याचा रक्तस्राव म्हणतात. असा रक्तस्राव होणाऱ्या दर दहापैकी साधारण सात बायांमध्ये कारण हेच असतं, पिशवी मऊ राहणं. आपल्या देशात बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंमागे रक्तस्राव हे सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. २०१८ ते २०२० या काळाच्या सरकारी आकडेवारीनुसार भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. तो कमी झाला हे चांगलंच, पण त्या तेहेतीस घरांसाठी आकडा कधीच कमी झालेला नसतो.

आत काय आहे? बाज आठवा

आता पिशवीच्या आत जाऊ. स्नायू पेशींचा बनलेला असतो. पेशी इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाही. पण पेशी म्हणजे नुसता पाण्याचा फुगा नव्हे. तिच्या आत दोऱ्या असतात. पातळ दोरीचं नाव अ‍ॅक्टिन. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. अ‍ॅक्टिनची दोरी फक्त ७ नॅनोमीटर जाड असते. आपल्या केसाच्या जाडीत अशा सुमारे दहा हजार दोऱ्या शेजारी शेजारी बसतील.

नुसती अ‍ॅक्टिनची दोरी फार बळकट नसते. ती लवते, वाकते. सुंभाची जुनी बाज आठवा. दोऱ्या सैल झाल्या की बाजेत माणूस खाली लोंबतो. दोऱ्या त्याच, लाकूड तेच. पण पायाकडची दोरी ओढून ताणली की तीच बाज टणक होते, वर माणूस उभा राहिला तरी दबत नाही. दोरी बदलत नाही, दोरीवरचा ताण बदलतो.

पेशीच्या आत ही दोरी ओढणारे मजूर आहेत. त्यांचं नाव मायोसिन. हे एक प्रकारचं प्रथिन आहे. शास्त्रज्ञ अशा प्रथिनांना मोटर प्रथिनं म्हणतात, कारण ती इंधन खाऊन काम करतात. मायोसिनला डोकं असतं. ते डोकं अ‍ॅक्टिनला पकडतं, मान मोडल्यासारखं वाकतं, दोरी ओढतं, सोडतं, पुन्हा पुढे पकडतं. एका ओढीत दोरी सरकते ५ ते १० नॅनोमीटर. विहिरीतून पोहरा काढताना आपण दोर कसा हातावर हात टाकून ओढतो, तसंच. एका मायोसिनची ताकद नगण्य. पण एका पेशीत असे कोट्यवधी, आणि पिशवीत पेशी अगणित. गरोदर नसताना पिशवी ६०-७० ग्रॅमची असते, दिवस भरल्यावर ती सुमारे एक किलोची होते. एवढे मजूर एकदम ओढायला लागले की काय होतं ते प्रत्येक आईने कळांमध्ये अनुभवलेलं आहे.

ओढण्याने जाळं खरोखर टणक होतं का, हे शास्त्रज्ञांनी शरीराबाहेर तपासून पाहिलं आहे. अ‍ॅक्टिनच्या दोऱ्यांचं जाळं तयार केलं, त्यात मायोसिन सोडलं, इंधन दिलं. मायोसिनने ओढायला सुरुवात केल्यावर ते जाळं आधीपेक्षा जवळपास शंभर पट ताठ झालं. हा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचला तेव्हा मला लेबर रूम आठवली. मऊ कणकेचा नारळ होताना मी हाताखाली हजार वेळा पाहिला होता, तो हाच खेळ.

हे ज्ञान एका माणसाचं नाही. हंगेरी देशात अल्बर्ट सेंट-ज्योर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ओळखून काढलं आणि काचेच्या भांड्यात त्यांचे धागे आखडताना पाहिले. १९५४ मध्ये जीन हॅन्सन या बाई आणि ह्यू हक्सली यांनी, तसंच वेगळं काम करणाऱ्या अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगर्के यांनी दाखवलं की स्नायू आखडतो तेव्हा दोऱ्या स्वतः लहान होत नाहीत, त्या एकमेकींवरून सरकतात. तोवर बऱ्याच जणांचा समज होता की धागाच आकसतो.

मजुरांना हुकूम कोण देतं?

मजूर तयार, दोरी तयार, इंधन तयार. मग सगळे सतत का ओढत नाहीत? कारण हुकूम लागतो. तो हुकूम देतं कॅल्शियम. हो, तेच कॅल्शियम, ज्याची गोळी आशाताई वाटतात.

हे कळलं त्याची गोष्ट मला फार आवडते. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर होते. बेडकाचं हृदय काढून ते मिठाच्या पाण्यात किती वेळ चालतं हे ते पाहत होते. हृदय छान चाललं. पण नंतर त्यांच्या लक्षात आलं की ते पाणी शुद्ध केलेलं नव्हतंच, साधं नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. मग त्यांनी खरोखर शुद्ध पाणी घेऊन तोच प्रयोग केला, तर हृदयाचे ठोके मंद होऊन थांबले. नळाच्या पाण्यात असं काय होतं? त्यात कॅल्शियम होतं. १८८३ मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे अलेक्सिस हार्टमन या अमेरिकन डॉक्टरांनी त्यात लॅक्टेट घातलं. आपण दवाखान्यात "आरएल लावा" म्हणतो, ती बाटली म्हणजे रिंगर लॅक्टेट. मी हजारो बाटल्या लावल्या असतील. त्या बाटलीत एका चुकलेल्या प्रयोगाचा शोध टांगलेला आहे हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

कॅल्शियम नेमकं काय करतं हे त्यानंतर खूप उशिरा कळलं. जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी दाखवलं की कॅल्शियम हाच आखडण्याचा इशारा आहे, आणि १९६० च्या दशकात त्यांनी तो इशारा ऐकणारं प्रथिनही शोधलं. एवढी साधी वस्तू स्नायूची मालकीण कशी असेल, हे सुरुवातीला बऱ्याच जणांना पटेना.

पेशीचं आणि कॅल्शियमचं नातं धरणासारखं आहे. पेशीच्या बाहेर कॅल्शियम भरपूर. आत त्याच्या दहा हजारांवा हिस्सा. पेशी मेहनत करून ते बाहेर ढकलत राहते, काही आतल्याच कोठारात कोंडून ठेवते. हुकूम आला की क्षणभर दारं उघडतात, कॅल्शियम आत धावतं. पिशवीच्या स्नायूत ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. कॅल्मोड्युलिन एका विकराला जागं करतं. तो विकर मायोसिनवर शिक्का मारतो, "चला, कामाला लागा." मग मायोसिन अ‍ॅक्टिनला ओढायला लागतं. दारं बंद झाली, कॅल्शियम परत बाहेर आणि कोठारात गेलं, शिक्का पुसला, की दोऱ्या सैल पडतात.

आता पिशवीची दारं कोण उघडतं? ऑक्सिटोसिन. हे आपल्या मेंदूतून येणारं संप्रेरक. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या अर्काने गाभण मांजरीची पिशवी आवळते असं दिसलं. १९५३ मध्ये व्हिन्सेंट डू व्हिग्नो यांनी ते कारखान्यात बनवता येईल असं करून दाखवलं, आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बाळ जन्मल्याबरोबर, शक्यतो एका मिनिटाच्या आत, आईला १० युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते यासाठी. इंजेक्शन म्हणजे पेशीच्या दारावर थाप. थाप पडली, कॅल्शियम आत, मजूर कामाला, जाळं ताठ, वाहिन्या बंद.

आणि पोट चोळणं? स्नायूला हाताने चेतवलं की तो आवळतो, आत साकळलेल्या गाठी बाहेर पडतात आणि पिशवीला मिटायला जागा होते. बाळाला लगेच छातीशी लावलं की आईच्या मेंदूतून स्वतःचं ऑक्सिटोसिन सुटतं. आजी, दाईचा हात बरोबर जागी होता. तिच्याकडे इंजेक्शन नव्हतं, सलाईन नव्हतं, रक्ताची बाटली नव्हती. आणि तिला हे सांगणारं कुणी नव्हतं की वार पडण्याआधी चोळायचं नाही आणि नाळ ओढायची नाही. फरक एवढाच, पण एवढ्याच फरकात जीव जातो.

२००४ मधली एक रात्र

मी नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. गावाचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही. रात्रपाळी. उन्हाळा. दुपारपासून वीज नव्हती आणि लेबर रूममधला फ्रिज तर त्याआधीच कितीतरी दिवस बंद पडलेला होता. इंजेक्शनं खिडकीजवळच्या ट्रेमध्ये ठेवलेली. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

एक तेवीस-चोवीस वर्षांची बाई आली. तिसरी खेप. वीटभट्टीवर काम करणारी. डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक. दिवसभर घरी कळा देऊन थकलेली. बाळ झालं, रडलं. वार पडली. मी इंजेक्शन दिलं. पोटावर हात ठेवला, मऊ. चोळलं, जरा घट्ट, हात काढला की पुन्हा मऊ. दुसरं इंजेक्शन. मऊ. खालची चादर भिजत होती. डॉक्टरांना निरोप गेला, गाडी शोधली, सलाईन चालू केलं. गाडीत मी तिच्या पोटावर हात दाबून बसले होते. मोठ्या दवाखान्याच्या फाटकापाशी तिचा हात थंड पडला.

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं असतं. उष्णतेने त्याची ताकद जाते. ते मला पुस्तकात वाचलेलं होतं, पण बंद फ्रिजसमोर मी कधी आवाज केला नव्हता. तिच्या अंगात रक्तही कमी होतं, स्नायू दिवसभराच्या कळांनी थकलेले होते. नेमकं कशाने गेली हे एका वाक्यात सांगता येणार नाही. पण दारावर थाप मारायला आम्ही जे वापरलं त्यात ताकद होती का, हा प्रश्न मला आजही झोपेतून उठवतो. पुढे नोकरी सोडून वस्त्यांमध्ये काम करायला लागले त्याची सुरुवात त्या रात्री झाली.

सोडायलाही ताकद लागते

मजुरांचं इंधन म्हणजे एटीपी. आपण खातो ते अन्न आणि श्वासातला प्राणवायू यांच्यापासून पेशी ते बनवते. आता एक गंमत लक्षात घ्या. मायोसिनला दोरी पकडून ठेवायला इंधन लागत नाही, सोडायला लागतं. नवं एटीपी येऊन चिकटलं तरच डोकं अ‍ॅक्टिनपासून सुटतं. कॅल्शियम परत बाहेर ढकलायलाही एटीपीच खर्च होतं.

माणूस गेल्यावर दोन-चार तासांत मयत आखडायला लागतं, ते याचमुळे. इंधन संपलेलं असतं, कॅल्शियम पेशीत पसरलेलं असतं, मायोसिनने धरलेली दोरी सुटत नाही. एक-दोन दिवसांत प्रथिनं विरघळायला लागली की अंग पुन्हा सैल पडतं. वस्तीत अजूनही कुणी म्हणतं, "मयत आखडलं, कसली तरी बाधा होती." बाधा नाही. प्रत्येकाचं आखडतं, माझंही आखडेल.

हेच पिशवीला लावून पाहा. दोन कळांच्या मध्ये पिशवी सैल पडते. त्या सैल वेळात बाळाकडे रक्त जातं आणि स्नायू इंधन भरून घेतो. विसावा हा कळांचाच भाग आहे. वस्तीतले काही बोगस डॉक्टर "लवकर मोकळी करतो" म्हणून घरीच कळांचं इंजेक्शन देतात. ते इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा हेच ऑक्सिटोसिन. बाळ पोटात असताना, मोजमाप न करता ते दिलं तर दारं उघडीच राहतात, पिशवी आवळलेलीच राहते. बाळ गुदमरतं, कधी पिशवी फाटते. जे औषध बाळ झाल्यावर आईला वाचवतं, तेच बाळ होण्याआधी चुकीच्या हातात दोघांचा जीव घेतं. म्हणून घरी कळांचं इंजेक्शन कधीही घेऊ नका. कुणी देत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

आणि ज्या बाईच्या अंगात रक्त कमी, तिच्या स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. अशी बाई थोडा रक्तस्रावही सोसू शकत नाही.

"एक गोळी जोडते, एक गोळी तोडते का?"

त्याच बैठकीत दुसऱ्या एका ताईंनी विचारलं, "सिस्टर, बीपीसाठी मला अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. मेडिकलवाला म्हणाला ही कॅल्शियम अडवणारी गोळी आहे. आणि हाडांसाठी डॉक्टरांनीच कॅल्शियमची गोळी दिली. मग एक जोडते अन् एक तोडते, असं नाही का? मी एक बंद केली."

ताई, बंद करू नका. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असाच स्नायू आहे, अशाच दोऱ्या आहेत. अ‍ॅम्लोडिपिन त्या पेशींची कॅल्शियमची दारं थोडी अरुंद करते. दोऱ्या सैल पडतात, वाहिनी रुंद होते, दाब उतरतो. ती गोळी रक्तातलं कॅल्शियम कमी करत नाही, हाडातलंही नाही. ती फक्त दारावर पहारा ठेवते. तुम्ही खाल्लेलं कॅल्शियम मुख्यतः हाडांत जातं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांतच असतं. दोन्ही गोळ्यांची कामं वेगळी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही थांबवू नका.

बाळंतपणात ही दारं बंद करायचीही वेळ येते. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर निफेडिपिन देतात, ती याच घराण्यातली गोळी. बीपी वाढून झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येतं. ते जास्त झालं तर श्वासाचे स्नायूही सैल पडू शकतात, म्हणून आम्ही गुडघ्याची उडी, श्वास आणि लघवी तपासत राहतो आणि ट्रेमध्ये उतारा तयार ठेवतो. तो उतारा कोणता? कॅल्शियम ग्लुकोनेट.

आता गरोदरपणातल्या कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल. काही जणी विचारतात, गोळी खाल्ली की पिशवी घट्ट होईल का? तसं थेट होत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं, कमी पडलं तर आईच्या हाडांतून काढून घेतं. गोळीचा फायदा आईची हाडं वाचवण्यात आहे, आणि ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी त्यांना गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका कमी करण्यात आहे. म्हणून सरकारी नियमाप्रमाणे चौथ्या महिन्यापासून, म्हणजे चौदा आठवड्यांनंतर, रोज दोन गोळ्या, प्रत्येकी ५०० मिलीग्रॅमची, आणि बाळंतपणानंतरही सहा महिने. कॅल्शियम जेवणासोबत घ्या. रक्तवाढीची गोळी किमान दोन तास अंतर ठेवून घ्या, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीनंतर लगेच चहा नको. खाण्यात नाचणी ठेवा, शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी, हे सगळं आपल्या बाजारात मिळतं.

घरातल्यांनी काय करायचं?

बाळंतपण दवाखान्यातच करा. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर विनम्रपणे पण ठामपणे विचारा.

नववा महिना लागण्याआधी रक्ताची तपासणी करून आकडा कागदावर लिहून ठेवा. रक्तगट घरातल्या दोघा-तिघांना पाठ असू द्या.

बाळ झाल्यावर सिस्टरला विचारा, "पिशवी घट्ट आहे का?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पहिले दोन तास बाळंतिणीला एकटीला सोडू नका. ती पोट चोळू देत नसेल तर तिला समजावा, हे दुखणं जीव वाचवण्यासाठी आहे.

तिला लघवीला पाठवा. भरलेलं मूत्राशय पिशवीला मिटू देत नाही. बाळाला पहिल्या तासातच छातीशी लावा. बाळगुटी, मध, साखरपाणी काही नको.

रक्त अंदाजाने मोजू नका. "बाळंतपणात रक्त जातंच" म्हणून गप्प बसणं हीच मोठी चूक. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात झालेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतिणीखाली खुणा असलेली पिशवी लावून रक्त मोजलं आणि जास्त दिसताच चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदम सुरू केलं. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम साठ टक्क्यांनी कमी झाले. नवीन औषध नव्हतं, फक्त वेळेत मोजलं आणि वेळेत हललं.

घरी आल्यावर तासाभरात एक पॅड किंवा घडी पूर्ण भिजली, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, अंग थंड पडलं, छाती धडधडायला लागली, तर उद्यावर टाकू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत बाईला आडवं झोपवा, पाय उंच करा, बेंबीखाली पिशवी चाचपून गोल गोल चोळत राहा, बाळाला दूध पाजा.

आणि एक काम वस्तीने मिळून करायचं. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात बाळंतपणाच्या खोलीतला फ्रिज चालू आहे का, एवढं महिन्यातून एकदा विचारून या. वीज गेल्यावर इंजेक्शनं कुठे ठेवतात ते विचारा. बंद असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्या वस्तीतल्या बाया आता दर महिन्याला जातात. पहिल्यांदा तिथले लोक वैतागले. आता चहा विचारतात.

त्या दिवशी हे सगळं थोडक्यात सांगितल्यावर मी आजींना समोर बोलावलं. हाताची मूठ सैल करून पुढे केली आणि म्हटलं, दाबून बघा. त्यांनी अंगठ्यामागचा मांसल भाग दाबला. मऊ. मग मी मूठ घट्ट आवळली. म्हटलं, आता बघा. त्यांनी पुन्हा दाबलं आणि मान हलवली. "हाड न्हाई, काई न्हाई, तरी दगड झाला," म्हणाल्या. मग मागे बसलेल्या नातसुनेकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस का? पुढल्या खेपेला चोळू दे गुमान."

नातसून हसून म्हणाली, "पुढली खेप नकोच, आजी."

तो विषय पुढच्या बैठकीला घेऊ.